विमानाच्या फासळ्या रंगवितांना



पस्तीस वर्षें खडू आणि फळा यांच्या सहवासांत काढलेल्या एका प्राथमिक शिक्षकानें विमानाविषयीं बोलावें, याचें आपणांपैकीं कित्येकांना नवल वाटेल. मलाहि वाटतें. माझें शिक्षण अकरावीच्या जुन्या मॅट्रिकपर्यंतचें. पुढें शिक्षकी पदविका घेतली, पेण तालुक्यांतील एका गांवीं शाळेंत रुजू झालों आणि निवृत्त होईपर्यंत त्या तालुक्यांतच राहिलों. यंत्रांपैकीं सायकल आणि घरांतला मिक्सर यांवांचून दुसऱ्या कशाला हात लावल्याचें स्मरत नाहीं. असें असतां गेल्या वर्षीं अमेरिकेंतील ऑरेगन राज्यांत मुलाच्या घरीं पांच महिने राहण्याचा योग आला, आणि त्या अवधींत मीं एका विमानाच्या शंभराच्या आसपास भागांना रंगाचें अस्तर दिलें. चांगलें देतां येऊं लागण्यापूर्वीं पुष्कळ वाईट दिलें. आज सांगावयाचें आहे तें त्या वाईटाविषयींच अधिक.

मुलाचें घर पोर्टलंड शहराच्या पश्चिमेस हिल्सबरो येथें आहे. तिकडील घरांना मोटार ठेवण्यासाठीं गॅरेज असतें. आमच्या गॅरेजांत मोटार नाहीं. ती बापडी बाहेर पावसांत उभी असते. आंत दोन लांब टेबलें, हवा दाबून भरणारा कंप्रेसर, रिव्हेट ठोकण्याचीं हत्यारें आणि भिंतीशीं टेकून ठेवलेले ॲल्युमिनियमचे चकचकीत पत्रे. पहिल्या दिवशीं मीं विचारलें, "हें काय, पिंपें बनविण्याचा कारखाना काढलास कीं काय?" तो म्हणाला, "बाबा, विमान आहे." स्वयंपाकघरांतून सूनबाई म्हणाली, "दोन वर्षें झालीं, बाबा. आतां मलासुद्धां सवय झाली आहे."

तिकडे घरीं विमान बांधणें हें वेड समजलें जात नाहीं. पॉल पोबरेझ्नी या गृहस्थानें 1953 मध्यें विस्कॉन्सिन राज्यांत अशा हौशी लोकांची संघटना काढली. तिचा वार्षिक मेळावा 1970 पासून ऑशकॉश या गांवीं भरतो आणि त्या आठवड्यांत हजारों विमानें तेथें उतरतात. रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांनीं 1973 मध्यें काढलेली व्हॅन्स ही कंपनी ऑरेगनचीच. ती विमानाचे सुटे भाग पेट्यांत भरून पाठविते, आणि त्या पेट्यांतून निघून प्रत्यक्ष आकाशांत गेलेल्या विमानांची संख्या आज दहा हजारांवर आहे. मुलाचें विमान त्याच जातीचें, दोन आसनांचें.

अमेरिकेच्या विमानविषयक कायद्यांत यासाठीं एक कलम आहे. विमानाचा अर्ध्याहून अधिक भाग हौशी माणसांनीं स्वतः घडविलेला व जोडलेला असावा, आणि हा उद्योग त्यांनीं केवळ स्वतःच्या शिक्षणासाठीं किंवा करमणुकीसाठीं केलेला असावा, अशी त्यांत अट आहे. मुलानें मला तें वाचून दाखविलें, तेव्हां 'शिक्षणासाठीं' या शब्दापाशीं मीं त्याला थांबविलें आणि पुन्हां वाचावयास सांगितलें. सारा जन्म मी शिक्षणखात्याचीं परिपत्रकें वाचीत आलों. पण शिक्षण हा शब्द इतक्या सरळ अर्थानें वापरलेला मला सरकारी कागदांत क्वचितच आढळला होता. गंमत अशी कीं, त्या अर्ध्याहून अधिक भागाच्या हिशेबांत रंगकाम धरीत नाहींत. तें पैसे देऊन कोणाकडूनहि करून घेतां येतें. म्हणजे माझ्या वांट्याला जें शिक्षण आलें, तें कायद्याच्या दृष्टीनें शिक्षणच नव्हे. असो.

आपल्याकडेहि ही गोष्ट अगदींच अश्रुत नाहीं. वैमानिक अमोल यादव यांनीं मुंबईस कांदिवली येथें इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचें विमान बांधलें. 2016 मध्यें वांद्रे-कुर्ला संकुलांतील प्रदर्शनांत लोकांनीं तें पाहिलें आणि 2017 मध्यें त्याची सरकारदरबारीं नोंदणी झाली. मीं तें वर्तमानपत्रांत वाचलें होतें व कौतुकहि केलें होतें. परंतु दुसऱ्याच्या गच्चीवरचें विमान निराळें आणि आपल्या मुलाच्या गॅरेजांतलें निराळें. पहिल्याचें कौतुक वाटतें, दुसऱ्यानें झोंप उडते. यांत माझा मुलगा बसणार होता, आणि शेजारच्या आसनावर पुढेंमागें माझी सात वर्षांची नात. रात्रीं पडल्यापडल्या एकच विचार मनांत येई: आपल्याला यांतलें कांहींच कळत नाहीं. म्हणून एके दिवशीं मीं त्याला म्हटलें, "मला यांतलें कांहीं काम दे." तो थोडा घुटमळला. मग म्हणाला, "शेपटीच्या फासळ्यांना अस्तर द्यायचें आहे. शिकाल?"

'शिकाल?' हा प्रश्न मला पुष्कळ वर्षांत कोणीं विचारला नव्हता.

पत्र्याला अस्तर कशासाठीं, हें आधीं सांगितलें पाहिजे. विमानाचा पत्रा शुद्ध ॲल्युमिनियमचा नसतो. शुद्ध ॲल्युमिनियम सहसा गंजत नाहीं, परंतु तें मऊ. म्हणून त्यांत शेंकडा चारच्या सुमारास तांबें मिसळतात. त्यानें बळ येतें, पण गंजण्याची खोडहि येते. यावर तोड अशी कीं, पत्र्याच्या दोन्ही अंगांवर शुद्ध ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर दाबून बसवितात. आपण पितळेच्या पातेल्याला कल्हई करितों, त्यांतलाच हा प्रकार. पत्रा कापला, त्याला भोंकें पाडलीं किंवा ओरखडा उठला, कीं तेवढ्या ठिकाणची कल्हई जाते. पुढें फासळीवर वरचा पत्रा रिव्हेटांनीं बसविला, म्हणजे त्या सांध्यांत काय चाललें आहे हें कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं. दमट हवा मात्र तेथें खुशाल शिरते.

28 एप्रिल 1988 रोजीं हवाई बेटांत अलोहा कंपनीचें एक बोईंग 737 विमान सुमारें 24 हजार फुटांवर असतां त्याच्या पुढील भागाचें छतच उडून गेलें. वैमानिकांनीं शर्थीनें तें उतरविलें; एक हवाई सेविका मात्र बाहेर फेंकली जाऊन प्राणास मुकली. विमान एकोणीस वर्षांचें होतें. पत्र्यांच्या जोडांतील चिकटविलेला थर सुटला होता, गंज आंत शिरला होता, आणि रिव्हेटांच्या भोंकांपासून निघालेल्या बारीक चिरा एकमेकींना मिळाल्या होत्या, असें चौकशींत आढळलें. मुलानें हें मला भिववण्यासाठीं सांगितलें नाहीं. मींच खोदून विचारलें म्हणून सांगितलें. उलट बाजूहि त्यानें सांगितली. अमेरिकेंतील पुष्कळ जुन्या लहान विमानांच्या पोटांत अस्तराचा थेंबहि नाहीं आणि तीं पन्नास पन्नास वर्षें उडत आलीं आहेत. अस्तर द्यावें कीं न द्यावें यावर तिकडील हौशी मंडळींत असा कडाक्याचा वाद चालतो, कीं त्यापुढें आपले द्वैत-अद्वैताचे पंडित समजूतदार वाटावे. आमच्या घरांत हा वाद एका वाक्यांत संपला होता. "थोडें वजन वाढेल," मुलगा म्हणाला, "पण मला झोंप लागेल."

पहिला आठवडा रंगाशिवायच गेला. आधीं प्रत्येक भोंकाच्या कडेची बारीक धार मोडावयाची. मग तांबूस रंगाच्या खरखरीत घासणीनें पत्र्याची चमक घालवावयाची, म्हणजे रंगाला धरावयास जागा मिळते. मीं लहानपणीं आईला राखेनें भांडीं घांसूं लागलेला मुलगा. त्याच त्वेषानें घांसूं लागलों. मुलानें हात धरला. "बाबा, घांसायचें नाहीं. नुसती चमक मोडायची. जोर लावला तर कल्हईच जाईल." ज्या कल्हईच्या रक्षणासाठीं सारा खटाटोप, तीच मी निष्ठेनें खरवडीत होतों.

त्यानंतर धुणें आणि मग पाण्याची परीक्षा. स्वच्छ धुतलेल्या पत्र्यावर पाणी ओतलें तर त्याचा पातळ पडदा अखंड राहिला पाहिजे. कोठें पडदा फाटून थेंब जमले, तर तेथें तेलाचा अंश आहे असें समजावें. इतकी साधी आणि इतकी निःपक्षपाती परीक्षा मीं शाळेंत कधीं घेतली नाहीं. माझ्या फासळ्या तींत नापास होत. धुवावें, पुसावें, पाणी ओतावें, कीं एका बाजूला बोटाएवढा डाग कोरडा राहिलेला. दोन दिवस कोडें सुटेना. एक-दोन फासळ्यांवर तसाच रंग मारून पाहिला, तर त्या जागीं रंग बाजूला सरून माशाच्या डोळ्यांसारखे वाटोळे खड्डे पडले. अखेर नातीनें तें कोडें सोडविलें. ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही सारखे केंसांवरून हात फिरवितां." रोज सकाळीं अंघोळीनंतर डोक्याला खोबरेल तेल लावण्याचा माझा पन्नास वर्षांचा परिपाठ, तें खोबरेल बोटांवाटे विमानाच्या शेपटीपर्यंत पोंचलें होतें. त्या दिवसापासून पांच महिने मी कोरड्या डोक्यानें वावरलों. तेलाच्या पाठोपाठ दाढीहि गेली. रंग मारतांना तोंडावर चढवावयाच्या मुखवट्याला दोन्ही गालांशीं कोळशाच्या डब्या असतात. हवा त्यांतूनच गाळून आंत आली पाहिजे, आणि दाढी असली कीं मुखवट्याची कड गालाला नीट चिकटत नाहीं. निवृत्तीनंतर हौसेनें राखलेली दाढी होती. मला तें सारें अवडंबर वाटलें आणि तसें मीं बोलूनहि दाखविलें. मुलगा इतर बाबतींत मवाळ आहे, येथें मात्र म्हणाला, "मुखवटा नाहीं तर काम नाहीं."

त्याचें कारण पुढें कळलें. पूर्वीं या कामाला पिवळट हिरव्या रंगाचें क्रोमेटाचें अस्तर सर्रास वापरीत. त्यांतील क्रोमियमनें कर्करोग होतो हें आतां सिद्ध झालें आहे. आमचें अस्तर क्रोमेटविरहित होतें, तरी त्याची वाफ व धूळ फुप्फुसांत जाऊं देण्यासारखी नव्हती. विमानाच्या बाहेरच्या अंगाला देतात तो चकचकीत रंग त्याहून वाईट. त्यांतील आयसोसायनेट या द्रव्यानें एकदां दमा जडला, कीं पुढें त्याचा अत्यल्प अंशहि सोसत नाहीं, आणि त्यासाठीं कोळशाच्या डब्यांवर विसंबतां येत नाहीं, बाहेरून नळीनें ताजी हवा घ्यावी लागते. म्हणून बाहेरचा रंग त्या धंद्यांतील माणसाकडूनच द्यावयाचा, असें मुलानें ठरवून टाकलें होतें.

आतां स्प्रे-गनेविषयीं. ओहायो राज्यांतील टोलेडो गांवीं ॲलन डिव्हिल्बिस नांवाचे डॉक्टर होते. रोग्यांच्या घशांत औषध फवारण्यासाठीं त्यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एक उपकरण काढलें, आणि 1907 च्या सुमारास त्यांच्या मुलानें, टॉमसनें, तीच युक्ति रंगाला लावली. बापानें औषधासाठीं काढलेली वस्तु मुलानें रंगासाठीं वापरली. आणि आतां दुसऱ्याच एका बापाला त्याचा मुलगा ती शिकवीत होता. गनेच्या मधल्या छिद्रांतून रंग येतो व त्याच्या भोंवतालच्या फटींतून हवा. हवेचा वेग रंगाची धार फाडून तिचे सूक्ष्म कण करितो, आणि दोन बाजूंच्या शिंगांतून निघणारी हवा त्या गोल फवाऱ्याला चेपून पंख्यासारखा चपटा करिते. जुन्या गनांत हवेचा दाब फार असे व पुष्कळसा रंग कामावर न बसतां उडून जाई. आमची गन नव्या तऱ्हेची. हवा भरपूर, पण तोंडाशीं दाब दर चौरस इंचास दहा पौंडांच्या आंत. अस्तराची दोन डब्यांतील द्रव्यें ठराविक प्रमाणांत कालवावयाचीं, अर्धा तास मुरूं द्यावयाचीं आणि कांहीं तासांच्या आंत संपवावयाचीं. उशीर झाला तर भांड्यांतच दगड होतो. सूनबाईनें याला दोशाच्या पिठाची उपमा दिली. उरलेलें दुसऱ्या दिवशीं उपयोगी पडत नाहीं, एवढाच काय तो फरक.

मुलानें एक फासळी रंगवून दाखविली. एक वीत अंतरावरून गन सरळ रेषेंत गेली आणि मागें एकसारखा ओला पट्टा उमटला. पाहतांना वाटलें, यांत शिकावयाचें तें काय? दुसऱ्या दिवशीं तो कामावर गेल्यावर मीं एकट्यानें अकरा फासळ्या रंगविल्या. एकीवर ओघळ आले, मेणबत्तीवरून मेण उतरावें तसे. तें टाळावें म्हणून दुसरी दुरून रंगविली, तर रंगाचे कण वाटेंतच सुकून खरखरीत भुकटी बसली. तिसरीवर मधें दाट आणि टोंकांना विरळ. काठावर घड्या घातलेल्या त्या लहान लहान फासळ्या. त्यांच्या कोनांत रंग शिरेना, आणि शिरावा म्हणून जोर केला कीं बाहेर ओघळ. अकराहि मीं ओळीनें वाळत ठेवल्या आणि संध्याकाळीं तो येण्याची वाट पाहत बसलों. निकालाच्या दिवशीं मुलें कशीं बसत असतील, तें मला त्या दिवशीं कळलें.

तो आला, त्यानें पाहिलें आणि म्हणाला, "हरकत नाहीं. धुऊन काढूं." रात्रीं जेवणानंतर तो एकटाच गॅरेजांत गेला. मी उठून गेलों तेव्हां द्रावकांत बुडविलेल्या फडक्यानें एकेक फासळी पुसून काढीत होता. कांहीं बोलला नाहीं. त्याच्या अक्षराला मीं लहानपणीं किती नांवें ठेविलीं, किती पानें फाडून पुन्हां लिहावयास लाविलीं, तें त्याला आठवत होतें कीं नाहीं कोण जाणे. मला आठवत होतें. तो रागावला असता तर बरें झालें असतें.

त्या रात्रीं मला पेणची आठवण झाली. आपणांपैकीं अनेकांच्या घरचा गणपति पेणहून किंवा जवळच्या हमरापूर-जोहे गांवांतून येतो. त्या कारखान्यांतून मूर्तीचें अंग आतां बहुधा स्प्रे-गनेनेंच रंगवितात. डोळ्यांची आखणी तेवढी हातानें. माझ्या वर्गांतलीं कितीतरी मुलें त्या कारखान्यांत काम करीत. आषाढ लागला कीं त्यांची गैरहजेरी सुरू होई. एक मुलगा सातवीला होता. शांत, अक्षर वाईट, गणित बरें. श्रावणांत एके सकाळीं तो वर्गांत चक्क झोंपला. मीं त्याला उठविलें, हात पाहिले, तर नखांत सोनेरी रंग. मीं त्याला बाकावर उभें केलें आणि सर्व वर्गासमोर म्हणालों, "गणपति रंगवून जन्म जाणार नाहीं. आधीं अक्षर रंगवायला शीक." मुलें हंसलीं. सातवीनंतर तो शाळेंत आला नाहीं. माझ्या बोलण्यामुळें नव्हे, असें मी इतकीं वर्षें मानीत आलों होतों.

त्याचा स्वतःचा कारखाना आहे, एवढें ऐकून ठाऊक होतें. दुसऱ्या एका विद्यार्थ्याकडून नंबर मिळविला आणि रात्रीं साडेआठला फोन लाविला. तेव्हां पेणला सकाळचे नऊ झालेले. ज्येष्ठ महिना म्हणजे त्याच्या कामाची ऐन घाई. मीं नांव सांगितल्यावर क्षणभर नुसता कंप्रेसरचा आवाज येत राहिला. मग त्यानें तो बंद करविला आणि म्हणाला, "बोला, गुरुजी."

मीं सारें सांगितलें. तो हंसला नाहीं. रंग कसला, भांडें केवढें, उजेड कोठून येतो, असें वैद्यानें विचारावें तसें विचारीत गेला. मग म्हणाला, "तुम्ही उभे राहून मनगट फिरवितां. मनगट फिरलें कीं मधें दाट, कडेला धूळ. हात एका जागीं धरा आणि तुम्ही चाला. गन मूर्तीच्या अलीकडे सुरू करायची, मूर्ति ओलांडली कीं सोडायची. मूर्तीवर सुरू कराल तर तेथेंच ओघळ येणार." विमानाच्या फासळीला तो मूर्तीच म्हणत होता. "आधीं सांदीकोपरे, काखेंतले, सोंडेखालचे, हलक्या हातानें, मग सपाट अंग. दुसरा पट्टा पहिल्याच्या अर्ध्यावर चढवायचा. आणि गुरुजी, उजेड पाठीमागून घेऊं नका, समोरून तिरपा घ्या. रंग ओला होऊन आरशासारखा दिसला कीं तेवढ्यावर पुढें सरकायचें. आरसा दिसण्यापूर्वीं सरकलांत तर खरखर, दिसल्यावर थांबलांत तर ओघळ." शेवटीं म्हणाला, "चार दिवस रंग मारूंच नका. नुसतें पाणी मारा, जुन्या कागदावर."

मीं फोन ठेवण्यापूर्वीं त्या बाकाचा विषय काढावा म्हणून शब्द जुळवीत होतों. त्यानेंच काढला. "तुम्ही मला बाकावर उभें केलें होतेंत ना, गुरुजी, तेव्हां उंचावरून खिडकींतून आमचा कारखाना दिसत होता. बाबा हिरवा पितांबर मारीत होते. मी तेंच पाहत होतों." एवढें बोलून त्यानें कंप्रेसर सुरू करावयास सांगितलें.

चार दिवस मीं पाणी मारलें. वर्तमानपत्रें गॅरेजाच्या भिंतीला टांचून, लहान मुलानें पाढे म्हणावे तसा त्यांच्या समोरून येरझारा घालीत होतों. शेजारच्या अमेरिकन बाई कुंपणापलीकडून पाहत आणि हात हालवीत. पांचव्या दिवशीं गन पूर्ण सुकवून पुन्हां अस्तर भरलें. पहिल्या दोन फासळ्या बऱ्या, तिसरी वाईट, चौथीला आरसा दिसला. खरोखरच दिसतो. राखी रंगाचे कण बसतात, बसतात, आणि एका क्षणीं ते एकमेकांत मिळून त्यांत छताच्या दिव्याची रेघ लखकन् उमटते. तो क्षण अर्ध्या सेकंदाचा असेल. त्या मुलानें तो वयाच्या बाराव्या वर्षीं ओळखला होता.

यापुढील काम सांगण्याजोगें नाहीं, तें नुसतें केलें. ओघळ अगदीं थांबले नाहींत. दहांत एखादा येई. मुलगा नखानें पाहून "ठीक" म्हणे किंवा बाजूला ठेवी, आणि बाजूला ठेविलेले मी न बोलतां धुई. एकदां हौसेनें मीं एका भागाला तिसरा हात दिला. तो म्हणाला, "बाबा, हें तोलावें लागेल." रंगाला वजन असतें, हें माझ्या ध्यानांतच आलें नव्हतें. 1944 च्या आरंभापासून अमेरिकेच्या लष्करानें आपलीं पुष्कळशीं बाँबफेकी विमानें न रंगवितां, तशींच चकचकीत युद्धावर पाठविलीं, त्याचें एक कारण हेंच. शेपटीच्या आडव्या पंखाला मागून बिजागऱ्यांनीं जोडलेली हलती फळी असते, तिला एलिव्हेटर म्हणतात. विमानाचें नाक वर-खालीं होणें तिच्यावर अवलंबून. बिजागरीच्या मागचा तिचा भाग प्रमाणाबाहेर जड झाला, तर वेगांत ती फडफडूं लागते, आणि ती फडफड पाहतां पाहतां शेपटी मोडून टाकूं शकते. म्हणून तिच्या पुढच्या टोंकांत शिसें घातलेलें असतें, आणि रंग दिल्यावर ती पुन्हां तोलून पाहतात. तिसरा हात मीं पुन्हां कधीं दिला नाहीं.

निघण्याच्या आदल्या आठवड्यांत एलिव्हेटरच्या सांगाड्यावर वरचे पत्रे चढले. अर्धा मिलिमीटर जाडीचे ते पत्रे. मुलगा बाहेरून रिव्हेट ठोकी आणि मी आंतून पोलादी ठोकळा धरून बसें. शेवटची रांग बंद होण्यापूर्वीं मीं बॅटरी लावून आंत पाहिलें. डावीकडून तिसऱ्या फासळीच्या कोपऱ्यांत एक लहानसा ओघळ राहून गेला होता. मीं मुलाला दाखविला. तो म्हणाला, "तो असूं दे." आणि रिव्हेट ठोकला.

श्रावणांत मी पेणला परतलों, तेव्हां सामानांत एक नवा मुखवटा होता, डब्यांच्या दोन जोडांसह. त्या कारखान्यांत गेलों. गौरी-गणपतींच्या गर्दींत उभा राहून तो गन चालवीत होता, आणि तोंडाला नुसता रुमाल. त्याच्या रंगांत पाण्याचे असतात तसे तेलाचेहि असतात. वाऱ्याचा मागमूस नाहीं, वर पत्र्याचें छप्पर. मीं मुखवटा दिला. त्यानें नमस्कार करून घेतला, माझ्या समोर चढविला, दहा मिनिटें काम केलें आणि काढला. "गुरुजी, आंत घामानें भिजायला होतें. तुमच्याकडे थंडी होती." तें खरेंच होतें. मुखवटा खिळ्याला टांगला गेला. पोरांनीं तो आळीपाळीनें घालून फोटो काढून घेतले. मी कांहीं बोललों नाहीं. त्या कारखान्यांत उपदेश करण्याचा माझा अधिकार मीं मागेंच एकदां वापरून संपविला होता. मात्र पुढें दर शनिवारीं जाऊं लागलों. समोरासमोरच्या भिंतींत दोन पंखे बसवावे, एक हवा आंत घेणारा व एक बाहेर टाकणारा, एवढें सुचविलें. बाहेर टाकणारा बसला आहे.

मुलाचा निरोप आला कीं दोन्ही एलिव्हेटर बाहेरच्या रंगासाठीं रवाना झाले आहेत. रंगून आले कीं तोलावयाचे. उड्डाणाला अजून वर्ष तरी लागेल, असें तो म्हणतो. दोन लागतील असें सूनबाई म्हणते.

मागच्या शनिवारीं कारखान्यांत गेलों, तेव्हां मुखवटा खिळ्यावर नव्हता. आंत त्याचा धाकटा भाऊ सोनेरी रंग मारीत होता, त्याच्या तोंडावर होता. जवळ गेल्यावर तो म्हणाला कीं, आतां यांतून रंगाचा वास येऊं लागला आहे. डब्या संपल्या होत्या. दुसरा जोडहि त्यांनीं वापरून टाकला होता. नव्या मुंबईहून मागविल्या आहेत.